मोटार मेकॅनिक की विमानाचा हँगर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे मोटार दुरुस्ती आणि विमान देखभाल या दोन शिक्षणांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी प्रवेशाचे प्रश्न आहेतच, पण वर्कशॉपमध्ये हात काळे करून उभ्या असलेल्या मुलामुलींनी विचारलेलं जास्त आहे. जागाही त्यांनाच जास्त दिली आहे.

मुलाला दहावीत ६२ टक्के मिळाले. आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ घ्यावा की तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइलचा डिप्लोमा? – पालक, कराड

मुलाला स्वतः गाडीखाली झोपून काम करायचं आहे की पुढेमागे काम करवून घ्यायचं आहे, हे आधी त्यालाच विचारा. आयटीआयचा हा ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि निम्म्याहून जास्त वेळ वर्कशॉपमध्ये जातो. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. त्यावर शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ नुसार एखाद्या कंपनीत किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये अप्रेंटिस म्हणून जाता येतं. डिप्लोमा तीन वर्षांचा, सहा सत्रांचा. त्यात गणित, ड्रॉइंग आणि यंत्रांची उपपत्ती जास्त, स्पॅनर कमी. तिथून मुलं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, सुपरवायझर, वॉरंटी किंवा टेस्टिंग विभागाकडे वळतात. ‘मेकॅनिक डिझेल’ हा ट्रेड एका वर्षाचा आहे. तुमच्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर यांचं काम बारमाही असतं, तेव्हा त्याला हलकं समजू नका.

मुलगा गणिताला घाबरत नसेल तर दोन्ही करता येतात. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वर्षं चार लागतात, पण असा मुलगा डिप्लोमाच्या वर्गात हात तयार करून बसलेला असतो. आमचं मत या वाटेच्या बाजूने आहे.

प्रवेशाआधी संस्थेत जाऊन एकच गोष्ट विचारा : मुलं इंजिन खोलून, जोडून, सुरू करून दाखवतात का? अर्धं कापलेलं, रंगवलेलं इंजिन सगळीकडे असतं. सुरू होणारं, बीएस-६ चं, स्कॅनर लावून तपासता येणारं इंजिन किती आणि एका इंजिनाभोवती मुलं किती, यावर तुमच्या मुलाचं शिक्षण ठरणार आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेत सिलिंडरची झीज मोजायला देतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. बरोबर पद्धत कोणती? – मेकॅनिक मोटार व्हेइकल, दुसरं वर्ष, बार्शी

उत्तरं वेगळी येतात, कारण प्रत्येकजण बोअर गेज, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं उपकरण, वेगळ्या जागी लावतो. एका सिलिंडरची निदान सहा मापं घ्यायची : वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक पातळीवर दोन दिशांना. एक दिशा क्रँकशाफ्टला समांतर, दुसरी तिला काटकोनात.

सुरुवात स्वच्छतेपासून. ब्लॉकच्या तोंडाशी, पिस्टनची वरची रिंग जिथवर पोचते त्याच्या वर, एक न झिजलेला काठ उरलेला असतो. तिथे कार्बन चिकटलेला असतो. ‘वरचं’ माप या काठावर घेतलं तर सिलिंडर नव्यासारखा दिसतो. काठाच्या खाली, रिंग जिथून उलटी फिरते तिथे माप घ्या. बोअर गेजचा शून्य आधी मायक्रोमीटरमध्ये धरून मूळ मापाला लावा. गेज आत घातल्यावर पुढेमागे हलकेच झुलवा. काटा एका टोकापर्यंत जाऊन परत फिरतो, तो वळणबिंदू म्हणजे खरा व्यास. न झुलवता वाचलेलं माप नेहमी मोठं येतं, कारण गेज तिरका असतो.

उदाहरण घ्या. मूळ बोअर ७५.०० मिमी. वर काटकोनात ७५.१२, वर समांतर ७५.०६, खाली काटकोनात ७५.०४, खाली समांतर ७५.०३. एकाच पातळीवरच्या दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी, वर ती ०.०६. एकाच दिशेतला वर-खालचा फरक म्हणजे टेपर, काटकोनाच्या दिशेत तो ०.०८. परीक्षेत बहुतेक जण वरचं काटकोनातलं माप आणि खालचं समांतर माप यांची वजाबाकी करतात आणि ०.०९ टेपर लिहितात. ते चूक.

झीज अशी एकांगी का होते हेही तोंडी परीक्षेत विचारतात. पॉवर स्ट्रोकला कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर दाबला जातो. ती बाजू क्रँकशाफ्टला काटकोनात असते. आणि वरच्या भागात दाब आणि उष्णता सर्वांत जास्त, तेलाचा थर सर्वांत पातळ, शिवाय रिंग तिथे क्षणभर थांबून उलटी फिरते.

ब्लॉक गार हवा. ७५ मिमीचा बिडाचा सिलिंडर २० ऐवजी ६० अंश सेल्सिअसला मोजला तर माप सुमारे ०.०३ मिमीने वाढतं. इथे तर ०.०६ वरून निर्णय घ्यायचा आहे!

किती झीज चालते हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा, वर्गातल्या एका आकड्यावर विसंबू नका. रिबोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचं ठरलं तर सगळे सिलिंडर एकाच ओव्हरसाइजला न्यायचे, ०.२५ किंवा ०.५०. आणि नवा पिस्टन हातात आल्यावर तो मोजूनच शेवटचं होनिंग, म्हणजे भिंतीची बारीक घासाई, करायचं. पिस्टनच्या खोक्यावरचा आकडा हा पिस्टन मोजायला पर्याय नाही.

टॉर्क रेंच ‘टक’ वाजला की काम झालं, असं शिकवतात. तरीही हेड गॅस्केट गेलं. असं का होतं? – डिप्लोमा विद्यार्थी, चिंचवड

टॉर्क रेंच बोल्ट फिरवायला लागलेला जोर मोजतो, बोल्ट किती ताणला गेला ते मोजत नाही. आपल्याला हवा असतो ताण. लावलेल्या जोराचा फक्त दहावा भाग, ढोबळमानाने, ताणासाठी उपयोगी पडतो. बाकीचा बोल्टाच्या डोक्याखाली आणि आट्यांमध्ये घर्षणात जातो. आटे गंजलेले, भोकात किटण असेल तर रेंच वेळेआधीच वाजतो आणि बोल्ट सैल राहतो. उलट, मॅन्युअलने कोरडे आटे सांगितले असताना तेल लावलं, तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. तेल लावावं की नाही हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते आकड्याइतकंच महत्त्वाचं.

ब्लॉकमधल्या आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर त्याहून वाईट. बोल्ट खाली जाताना द्रव दाबला जातो, जायला जागा नसते. रेंच वाजतो, हेड मात्र दाबलं गेलेलं नसतं. कधी कधी ब्लॉकलाच तडा जातो. म्हणून प्रत्येक भोक हवेने फुंकून घ्या, डोळ्यांना गॉगल लावून.

क्रम : घट्ट करताना मधून बाहेर, सोडताना बाहेरून मधे, आणि दोन-तीन टप्प्यांत. बऱ्याच नव्या इंजिनांत ‘इतका टॉर्क, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश’ अशी सूचना असते. हे बोल्ट मुद्दाम कायमचे ताणले जातात. मॅन्युअल नवे घ्या म्हणत असेल तर जुने परत बसवू नका, दिसायला कितीही चांगले असोत.

रेंच एकदाच वाजू द्या. खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवला की बोल्ट थोडा पुढे सरकतोच. मूठ मध्यावर धरा, झटका न देता ओढा. काम झाल्यावर सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग मऊ पडते. आणि बोल्ट सोडायला टॉर्क रेंच वापरायचा नाही, एवढं तरी पाळा.

रेंचच्या टोकाला त्याच रेषेत क्रोफूट (अडचणीच्या जागेसाठी जोडायचं पान्याचं तोंड) लावला की लांबी वाढते आणि आकडा बदलावा लागतो. हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि क्रोफूटची एकूण लांबी. ४० न्यूटन-मीटर हवेत, रेंच ३० सेंमी, क्रोफूट ५ सेंमी : ४० × ३० ÷ ३५, म्हणजे ३४.३ वर सेट करा. क्रोफूट रेंचला काटकोनात लावला तर हा हिशेब लागत नाही. विमान देखभालीच्या परीक्षेत हे गणित हमखास येतं, गॅरेजमध्ये ते कुणी करत नाही. करायला हवं.

ब्रेक ब्लीड करून करून (ऑइलमधली हवा काढून काढून) दमलो, बाटलीभर ऑइल गेलं, पेडल अजून स्पंजसारखं. कॅलिपर नवे आहेत. – कोल्हापूर

‘नवे आहेत’ यातच उत्तर असावं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय का पाहा. बहुतेक कॅलिपर दोन्ही बाजूंना बसतात, पण मग ब्लीड निपल खाली येतो. हवा वर अडकते आणि निपलमधून फक्त ऑइल येत राहतं, दिवसभर केलंत तरी. निपल वरच्या अंगालाच हवा.

तसं नसेल तर क्रम तपासा. जुना नियम : मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. एबीएस असलेल्या गाडीत मॅन्युअलचा क्रम पाळा. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांत स्कॅनरनेच त्याचा पंप चालवावा लागतो. पेडल दाबलेलं असताना निपल पाव ते अर्धा फेरा उघडा, आणि पेडल सोडायच्या आधी बंद करा. रिझर्व्हॉयर ‘मिन’च्या खाली जाऊ देऊ नका. जुन्या गाडीत पेडल थेट तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील वर्षानुवर्षं गेलेलं नसतं तिथे गंज असतो आणि तो सील कापतो.

बाटली उघडी किती दिवस होती? डॉट-३ आणि डॉट-४ ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ताज्या डॉट-४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा किमान १५५. घाटात ब्रेक तापले की फरक कळतो. डॉट-५ सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

बारावी सायन्स, पीसीएम. विमान देखभालीच्या (एएमई) कॉलेजांच्या जाहिराती रोज येतात, फी लाखांत आहे. काय पाहून प्रवेश घ्यावा? – विद्यार्थिनी, लातूर

जाहिरातीत ‘डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यताप्राप्त’ असं मोठ्या अक्षरांत असतं. तुम्ही विचारा : मान्यता सीएआर-१४७ (बेसिक) या प्रशिक्षण संस्थांसाठीच्या नियमाखाली आहे का, कोणत्या वर्गासाठी आहे, आणि आज चालू आहे का? मान्यता संस्थेला सरसकट नसते, वर्गवार असते. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, इंजिन आणि यांत्रिक भागांसह. बी१.२ पिस्टन इंजिनाची विमानं, बी१.३ टर्बाइन हेलिकॉप्टर, बी१.४ पिस्टन हेलिकॉप्टर. बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स : रडार, रेडिओ, ऑटोपायलट, उपकरणं. एअरलाइनमधलं काम मुख्यतः बी१.१ आणि बी२ चं. संस्थेला बी१.२ चीच मान्यता असताना ‘एअरबसवर काम करा’ अशी स्वप्नं दाखवत असतील तर तिथून उठा. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते, ती स्वतः उघडा, कॉलेजच्या माणसाने मोबाइलवर दाखवलेली नको.

दुसरी गोष्ट कुणी स्पष्ट सांगत नाही : कोर्स पूर्ण होणं आणि लायसन मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्ससोबत बी.एस्सी. जोडलेली असली तरी त्या पदवीने लायसन मिळत नाही. लायसनसाठी डीजीसीएच्या मोड्यूल परीक्षा, किमान १८ वर्षं वय आणि चालू विमानांवरचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. मान्यताप्राप्त कोर्स केलेल्याला बी१.१ साठी दोन वर्षांचा अनुभव, न केलेल्याला त्याहून बराच जास्त. हा अनुभव कुठे मिळणार, संस्थेचा कोणत्या सीएआर-१४५ मान्यतेच्या देखभाल कंपनीशी लेखी करार आहे, हे कागदावर मागा. गेल्या वर्षीच्या मुलींपैकी किती जणी आज हँगरमध्ये आहेत, तेही. मुलं अडकतात ती इथेच : परीक्षा पास, पण अनुभव नाही.

परीक्षेचं स्वरूप : बहुपर्यायी, प्रत्येक प्रश्नाला ७५ सेकंद, पास व्हायला ७५ टक्के. गणिताचा मोड्यूल १ घ्या. बी१ साठी ३२ प्रश्न, ४० मिनिटं, २४ बरोबर हवेत. बारावीचं गणित ज्यांनी नुसतं पाठ केलंय ते इथे गडबडतात, कारण प्रश्न सोपे असतात पण कॅल्क्युलेटर नसतो. अपूर्णांक, लघुगणक, एककं हातावर बसवून ठेवा.

लायसन मिळाल्यावरही एखाद्या एअरबस ए३२० वर सही करता येत नाही. त्या प्रकारच्या विमानाचं टाइप ट्रेनिंग आणि कंपनीचं अधिकारपत्र लागतं, मगच ‘रिलीज टु सर्व्हिस’वर तुमची सही चालते. घरच्यांना हा सगळा काळ आधीच सांगून ठेवा. बारावीनंतर चार वर्षांत सही करणारी इंजिनिअर, असं चित्र रंगवू नका.

आयटीआय मोटार मेकॅनिक झालो आहे. ओझर जवळ आहे. विमानात जाता येईल का? – नाशिक

नुसत्या आयटीआयवर एएमईचं लायसन नाही. त्यासाठी बारावी पीसीएम किंवा अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो. म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा, आणि मग एएमई. लांबची पण खरी वाट.

लायसनशिवायही हँगरमध्ये आणि कारखान्यात काम आहे, फक्त सही दुसऱ्याची असते. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखाना आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतो. जाहिरातीत तुमचा ट्रेड आहे का ते दर वेळी पाहा, कारण फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांच्या जागा जास्त असतात. आयटीआयमध्ये ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ नावाचा ट्रेडही आहे. नागपूरच्या आयटीआयमध्ये तो दसॉ या फ्रेंच विमान कंपनीच्या मदतीने सुरू झाला. नागपुरातच मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल होते.

मोटारीवरून तिकडे जाताना नवं शिकावं लागतं ते रिव्हेटिंग. रिव्हेटचा व्यास डी धरला तर पत्र्याबाहेर १.५ डी एवढी दांडी उरावी. ठोकल्यावर बनणारं डोकं १.५ डी रुंद, ०.५ डी उंच. पत्र्याच्या काठापासून रिव्हेटचा मध्य निदान २ डी आत. ३.२ मिमीच्या रिव्हेटला म्हणजे ४.८ मिमी दांडी, ४.८ रुंद आणि १.६ उंच डोकं. दांडी जास्त उरली तर ती वाकते, कमी उरली तर डोकं बसकं होतं, आणि दोन्ही वेळा रिव्हेट ड्रिल करून काढावा लागतो. घरी टाकाऊ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सराव करता येतो.

गॅरेजमध्ये आट्याला बसला तो बोल्ट चालतो. विमानात पार्ट नंबरचा एवढा बाऊ का? – एएमई, पहिलं वर्ष, नागपूर

मोड्यूल ९ मध्ये, मानवी घटकांच्या विषयात, तुम्हाला १० जून १९९० ची घटना शिकवतील. आधीच वाचून ठेवा. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. सुमारे १७,००० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला.

ती काच २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. ९० बोल्ट. त्यांतले ८४ हव्या त्या व्यासापेक्षा ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे ०.६६ मिमी, बारीक होते. उरलेले सहा व्यासाने बरोबर, पण लांबीला कमी. बोल्ट निवडले ते कॅटलॉग न उघडता, काढलेला जुना बोल्ट नमुना धरून, नजरेने जुळवून. आणि तो जुना बोल्टही मुळात आखूडच बसवलेला होता! स्टोअरमधल्या माणसाने योग्य नंबर सांगितलाही होता. बारीक बोल्टांची डोकी खाचेत नीट भरली नव्हती, हेही कुणाच्या नजरेस आलं नाही. काम करणारा अनुभवी होता. म्हणूनच तर त्याने कॅटलॉग उघडला नाही.

हातात आलेला बोल्ट वाचायला शिका. मोटारीच्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असतं : पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटण्याची ताकद, ८०० मेगापास्कल, आणि बोल्ट ज्या ताणाला कायमचा लांबायला लागतो तो, दुसऱ्या ८ प्रमाणे, याच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. १०.९ त्याहून मजबूत. विमानाचा एएन४ बोल्ट म्हणजे सोळाव्या भागांत चार, पाव इंच व्यास. पुढच्या डॅशनंतर लांबी. शिवाय ग्रिप, म्हणजे आटे नसलेला गुळगुळीत भाग, जोडलेल्या पत्र्यांच्या जाडीएवढा हवा. आटे भोकात आले तर कातरण्याचा जोर आट्यांवर पडतो आणि तिथूनच चीर जाते. गॅरेजमध्ये सस्पेन्शनच्या बोल्टालाही हाच नियम लागू आहे, कुणी सांगत नाही एवढंच.

विमानाचा भाग चांगला असणं पुरत नाही, तो कुठून आला याचा कागद सोबत हवा. कागद नसलेला भाग कितीही चकचकीत असला तरी भंगार.

लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातून पिळून बांधलेली तार) दर वेळी इन्स्ट्रक्टर कापून टाकतात. काय चुकतं? – एएमई, मुंबई

कोणती चूक करताय ते लिहिलेलं नाही, म्हणून नेहमीच्या सांगतो. तारेची ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने हवी. हे उलटं झालं की बाकी सगळं सुबक असलं तरी कापणारच. पीळ दर इंचाला ६ ते ८, नेहमीच्या ०.०३२ इंची तारेला. कमी पिळलं तर सैल, जास्त पिळलं तर तार कडक होऊन कंपनाने तुटते. शेपूट पाव ते अर्धा इंच, टोक वळवून आत, नाहीतर पुढच्या माणसाचं बोट फाटतं. दूर दूर असलेले बोल्ट एका तारेत तीनपेक्षा जास्त नकोत. पक्कडीचे दात तारेवर उमटले तर तार बाद.

आणि भोक जुळत नाही म्हणून बोल्ट थोडा सैल करायचा नाही, थोडा जास्त आवळायचाही नाही. टॉर्कच्या मर्यादेत बसत नसेल तर वॉशर किंवा बोल्ट बदला. वापरलेली तार परत वापरू नका.

मराठी माध्यम. इंग्रजी मॅन्युअल वाचताना घाम फुटतो. – परभणी

विमानाची मॅन्युअल्स तुम्हाला वाटतात त्यापेक्षा सोपी असतात. एएसडी-एसटीई१०० नावाच्या नियमांनुसार ती लिहिली जातात : कामाच्या सूचनेचं वाक्य २० शब्दांपेक्षा मोठं नाही आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. काही शे क्रियापदं पक्की झाली की बरंच वाचता येतं. ‘वॉर्निंग’ म्हणजे माणसाला इजा होईल, ‘कॉशन’ म्हणजे यंत्राचं नुकसान होईल, ‘नोट’ म्हणजे नुसती माहिती. हा फरक झोपेतही यायला हवा. प्रकरणांचे क्रमांक सगळीकडे सारखे : २४ विद्युत, २७ फ्लाइट कंट्रोल, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ७९ इंजिन ऑइल. रोज एक टास्क कार्ड घ्या आणि पायरी-पायरीने मराठीत वहीत उतरवा. मोटारीची सर्व्हिस मॅन्युअल्स उलट जास्त गिचमिड असतात.

इलेक्ट्रिक गाडीवर हात लावायला भीती वाटते. – सांगली

थोडी असावीच. नारिंगी केबल म्हणजे उच्च दाबाची वीज. चावी लांब ठेवा, १२ व्होल्टची बॅटरी सोडवा, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा प्लग) काढून खिशात ठेवा, आणि मॅन्युअलने सांगितलेली मिनिटं थांबा, कारण इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. मग मीटरने शून्य आहे का पाहा. तो मीटर आधी आणि नंतर चालू स्रोतावर तपासून घ्या, बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. हातमोजे क्लास ०, १००० व्होल्टचे. रोज मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडून पाहा. सुई टोचल्याएवढं भोक असलं तरी हवा निसटते. स्कूटरच्या ४८ व्होल्टला झटका कमी बसतो, पण अंगठी किंवा कडं दोन टर्मिनलांवर पडलं तर बोट भाजून निघतं. कामाआधी ते काढा.

पहिल्या वर्षी स्वतःची हत्यारं कोणती घ्यावीत? पैसे बेताचे आहेत. – आयटीआय, जालना

८ ते १९ मिमीचे रिंग-कम-ओपन पाने, अर्ध्या इंचाऐवजी तीन-अष्टमांश इंची ड्राइव्हचा सॉकेट सेट, ०.०२ मिमीचा व्हर्निअर, फीलर गेज आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच संस्थेचे वापरा. ते स्वस्तातले घेण्यात अर्थ नसतो. अ‍ॅडजस्टेबल पाना सुरुवातीला घेऊच नका, हाताला सवय लागते आणि नटांची डोकी गोल होतात. प्रत्येक हत्यारावर आद्याक्षरं कोरा आणि घरी निघताना मोजा. पुढे हँगरमध्ये गेलात तर एक हत्यार कमी भरलं म्हणून विमान थांबवून शोधतात, तेव्हा आतापासून मोजलेलं बरं. आणि १० चा सॉकेट दोन घ्या. एक हरवणारच आहे.